लाल ठिपक्याचा वाडगा

युन-च्येने कपाटाचा खालचा ड्रॉवर सरळ बाहेर काढला आणि जमिनीवर उलटा केला. जुनी वीजबिलं, देवळातून आणलेले विटके ताईत, एकही चालत नसलेल्या पेनांचा जुडगा, तिचाच पहिलीतला दातपडका फोटो. हवं होतं ते पिवळं कार्ड मात्र कुठेच नव्हतं.

मागच्या अंगणात तिची आई वाट्या घासत होती. दोनशे चाळीस वाट्या. पहाटे त्यांत वाटलेल्या तांदळाचं पीठ ओतायचं, वर डुकराच्या मांसाचे तुकडे, अळंबी आणि खारवलेला बलक ठेवून उकडायचं, हीच वाकुए. सकाळी अकरापर्यंत सगळी फस्त व्हायची आणि दुपारभर आईचे हात पाण्यात असायचे. माडौ गावात वाकुए विकणारे पैशाला पासरी आहेत, पण आईची, म्हणजे गावाच्या ग्योकमावशीची, वाटी उपडी केली तरी वाकुए खाली पडत नाही, असं लोक म्हणत. माडौत याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला देत नाही.

"आई, माझं लहानपणचं लसीचं कार्ड कुठंय?"

वाट्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"कशाला? लोणचं घालायचंय?"

"दुकानात मागितलंय."

"चष्म्याच्या दुकानाला तुझ्या लशी कशाला लागतात? गिऱ्हाइकांना चावायला लागलीस की काय?"

युन-च्ये थापा मारण्यात पहिल्यापासून कच्ची होती. ती दारात येऊन उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं. ताइनान शहरात एक दवाखाना आहे. ज्यांना मूल होत नाही अशा बायकांना दुसरीचं बीज देतात. नाव-गाव काही कळत नाही, ना तिला ना हिला. युन-च्येने नाव नोंदवलं होतं. रक्त देऊन झालं होतं. आता लशींची जुनी नोंद हवी होती.

आईने वाटी खाली ठेवली. आता तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून युन-च्येने अंग चोरलं. नवरा नाही, पोर नाही आणि बी वाटायला निघाली, असं काहीतरी येणार हे तिला ठाऊक होतं.

"रक्त तपासलं?" आईने विचारलं.

"हो. शनिवारी रिपोर्ट."

"काय काय तपासतात?"

"सगळंच. एचआयव्ही, गरमी, कावीळ बी, कावीळ सी, रुबेला. दुसऱ्याच्या घरात काही जायला नको म्हणून."

आई उठली. हात न पुसताच आत गेली, देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावांच्या पाटीमागे हात घालून तिने बिस्किटाचा एक चपटा डबा काढला. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर लावून, कार्ड होतं. ते देताना तिच्या बोटांचं पाणी पिशवीवर सांडलं.

"हरवू नकोस," ती म्हणाली. आणि वाट्यांकडे वळता वळता, जणू आठवलं म्हणून, "रिपोर्ट आला की फोनवर सांगू नकोस. घरी येऊन सांग."

संध्याकाळी जेवताना दोघी रोजच्यासारख्याच बसल्या. म्हणजे युन-च्ये टेबलाशी आणि आई मागच्या दारातल्या बुटक्या स्टुलावर, रस्त्याकडे पाठ करून. आईचा वाडगा वेगळा होता. तळाशी लाल ठिपका असलेला, कडेला टवका उडालेला. तिच्या जेवायच्या काड्याही वेगळ्या, त्या वेगळ्या पेल्यात. ज्या घरात दोनशे चाळीस वाट्या आहेत त्या घरात या एका वाडग्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम होता.

शेजारच्या घरांत आया काय करतात ते युन-च्येने लहानपणापासून पाहिलं होतं. माशाच्या पोटाचा चरबीदार तुकडा आई स्वतःच्या काड्यांनी उचलते आणि लेकराच्या भातावर ठेवते. कुणी "माझं तुझ्यावर प्रेम आहे" वगैरे म्हणत बसत नाही. तो तुकडा ठेवला की झालं. तिची आई मात्र वाढायच्या लांब काड्यांनी वाढायची, हात लांब करून, भटाला दक्षिणा द्यावी तशी. सहा वर्षांची असताना युन-च्येने एकदा आईच्या वाडग्यातला मुळ्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला होता. आईने तिला मारलं. आयुष्यात तेवढं एकदाच. मग मोरीपाशी नेऊन मिठाच्या पाण्याने इतक्या चुळा भरायला लावल्या की पोरगी ओकली. सतराव्या वर्षी शाळेत रक्तदानाची गाडी आली, तेव्हाही सगळ्यांच्या आयांनी सही दिली, हिच्या आईने नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "माझी मर्जी."

या सगळ्याची बेरीज युन-च्येने फार पूर्वीच करून ठेवली होती. बाप आठवत नव्हता, आजीचं घर आठवत नव्हतं, आणि आईला आपण नको होतो. दवाखान्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'दान का करावंसं वाटतं?' तिने लिहिलं होतं, 'जी बाई मुलासाठी एवढं सोसते, ती त्याला जवळ घेईल.'

*

शनिवारी दवाखान्यात फांगताईंनी तिला आत बोलावलं. दात्या मुलींचं सगळं त्याच बघायच्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या. पहिल्याच भेटीत युन-च्येने त्यांच्या चष्म्याची काडी घट्ट करून दिली होती, तेव्हापासून त्या तिला घरच्यासारखं बोलत.

"बस. चेहरा असा करू नकोस, पास आहेस. जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"रोगांच्या रकान्यात सगळीकडे 'नाही'. एचआयव्ही नाही, गरमी नाही, कावीळ नाही, बी पण नाही. पण रुबेलाशी लढायची ताकद अंगात उरलेली नाही. ती लस आज घे, मग महिनाभर आपण काही करायचं नाही. आणि बी काविळीची बाळपणची लस उतरलीय. तुमच्या वयाच्या निम्म्या पोरींची उतरते. तीही एक टोचून टाकू. दोन्ही दंड कामाला लागतील."

बोलता बोलता त्यांनी पिशवीचं रबर काढून पिवळं कार्ड उघडलं. बोट ओळीओळीवरून खाली न जाता पहिल्याच ओळीवर अडकलं. त्यांनी चष्मा वर केला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"हे तुला माहीत आहे?"

"काय?"

"जन्मल्या दिवशी तुला दोन सुया टोचल्यात. एक लस, ती सगळ्यांना देतात. दुसरी सगळ्यांना नाही देत. लस शरीराला लढायला शिकवते, पण त्याला वेळ लागतो. तेवढ्यापुरते ही दुसरी सुई म्हणजे भाड्याचे शिपाई. ज्या आईच्या रक्तात बी काविळीचा विषाणू भरपूर असतो, तिच्याच बाळाला, चोवीस तासांच्या आत. या दोन्ही सुया चुकल्या तर अशा दहा बाळांतल्या नऊ जणांना कावीळ लागते. आणि लागली की जन्मभर राहते."

युन-च्येने कार्डाकडे पाहिलं. निळ्या शाईतली तारीख, एक पुसट शिक्का.

"आईला? ती कधी तापाने पडलेलीही मला आठवत नाही."

"अशा बायका पडत नाहीत. आतल्या आत यकृत झिजतं. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासायचं असतं. तपासते ना ती?"

युन-च्येने मान हलवली. हो की नाही ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या डोळ्यांसमोर वेगळाच एक पेला होता, त्यात उभ्या केलेल्या दोन काड्या.

"म्हणून ती वेगळी जेवते," ती म्हणाली.

"वेगळी जेवते? कधीपासून?"

"मला कळतंय तेव्हापासून. वाडगासुद्धा वेगळा आहे. मी एकदा त्यातलं खाल्लं तर..." पुढचं तिने सांगितलं नाही.

फांगताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अगं, उष्ट्याने नाही लागत ही. वाडग्याने नाही, काड्यांनी नाही. रक्तातून लागते, जन्मताना लागते. जुन्या माणसांच्या डोक्यात कावीळ म्हटलं की उष्टं, हेच बसलंय. माझ्या सासूच्याही बसलं होतं. पंचवीस वर्षं बिचारी... जा, आजच सांग तिला. म्हणावं, एका ताटात जेवा."

दोन्ही दंडांवर कापूस घेऊन युन-च्ये बसथांब्यावर उभी राहिली. माडौची बस आली आणि गेली, तिने हात केला नाही. तिला रडू येत होतं, पण ते कशाचं हे कळत नव्हतं. आपल्यावर कुणी माया केली नाही म्हणून ती इतकी वर्षं रुसली होती, आणि इकडे कुणीतरी रोज दोन वेळा, दारातल्या स्टुलावर बसून, तेच करत होतं. शिवाय ते करायची गरजच नव्हती. हे शेवटचं सगळ्यांत वाईट होतं. ती पुढच्या बसने गेली.

*

आईच्या वाट्या घासून, वाळवून, रचून झाल्या होत्या. तरी ती घासत होती. युन-च्येने दारातून पाहिलं: कोरड्या वाट्या ती पुन्हा पाण्यात घालत होती.

"जेवलीस?" आईने मान वर न करता विचारलं.

"रिपोर्ट चांगला आहे, आई. कावीळ नाही."

पाणी वाहत राहिलं.

"परत सांग."

"नाहीये. बी नाही, सी नाही, काहीच नाही. कार्डावरची पहिली ओळ मी पाहिली."

आईने नळ बंद केला. हात ॲप्रनला पुसले, पुन्हा पुसले, कोरडे झाल्यावरही पुसत राहिली. मग पालथ्या बादलीवर बसली.

"तुझी आजी टोचू देत नव्हती," ती म्हणाली. इतक्या वर्षांत आजी हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच आला. "सातव्या महिन्यात माझं रक्त तपासलं, त्याचा कागद घरी आला. त्याच रात्री तिने माझा वाडगा वेगळा काढला. नणंदेच्या नखपॉलिशचा ठिपका दिला, चुकून कुणी घेऊ नये म्हणून. जेवण मागच्या दारात. तेवढं मी चालवून घेतलं. पण तू झालीस, तर म्हणते, एका दिवसाच्या पोराला दोन-दोन सुया कसल्या? मी म्हटलं, टोचल्याशिवाय पाजणार नाही. तू रडून रडून निळी पडलीस. मी पाठ फिरवून पडून राहिले. शेवटी सुईणबाई स्वतः स्कूटर काढून ताइनानला गेली आणि बर्फाच्या डब्यातून ते इंजेक्शन घेऊन आली."

"आणि बाबा?"

"तुझे बाबा आईच्या शब्दाबाहेर नव्हते. चाळिसाव्या दिवशी मी निघाले. तुला घेतलं आणि तो वाडगा."

"तो कशाला?"

"दुसऱ्या वाडग्यावर पुन्हा ठिपका द्यावा लागला असता."

ती हसली. युन-च्येला आईचे खालचे दात दिसले; ते तिने फारसे पाहिले नव्हते.

"तुझं रक्त तपासून घ्यायचा मला धीरच झाला नाही," आई म्हणाली. "शाळेत ती गाडी आली तेव्हा दोन रात्री झोपले नाही. वाटायचं, कुठेतरी चुकलं असेल. एखादा चमचा, एखादा पेला. गावात कळलं तर एक माणूस माझी वाकुए खायचं नाही, तेही होतंच. पण मनात तूच. आणि बघ, लागली नाही. एवढी वर्षं वेगळं ठेवलं, त्याचं सार्थक झालं."

फांगताईंचं वाक्य युन-च्येच्या जिभेवर तयार होतं. एका श्वासाचं काम होतं. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांचं ओझं नुकतंच उतरवून ठेवलेली बाई पालथ्या बादलीवर बसली होती आणि तिच्या भुवईला साबणाचा फेस लागला होता.

"हो," युन-च्ये म्हणाली. "तूच वाचवलंस मला."

हे खोटं नव्हतं. पुढचं मात्र होतं.

"आणि आज त्यांनी मला नवीन टोचलीय. हे बघ. आता उष्टं खाल्लं तरी काही होत नाही, फांगताई म्हणाल्या. आता तू टेबलाशी बसायचं."

आईने कापूस उचलून पाहिला, सुईची जागा पाहिली. दुसऱ्या दंडावरचाही पाहिला.

"ही दुसरी?"

"रुबेलाची."

"किती दिवसांनी लागू पडते?"

हा प्रश्न युन-च्येने गृहीत धरला नव्हता. "लगेच."

"लगेच कुठलीच लस लागू पडत नाही. तुझ्या सगळ्या लशींच्या रांगांत मी उभी राहिलेय, मला शिकवू नकोस."

"बरं, दोन आठवडे."

"मग दोन आठवडे थांबू. एवढं थांबले, त्यात चौदा दिवस काय." ती उठली आणि पपनस बागायतदारांच्या कॅलेंडरवर एक तारीख गोल करून आली.

"पण एक आहे," युन-च्ये मागून म्हणाली. एक थाप पचली की दुसरी सुचते. "तोवर तुझं यकृत तपासून घ्यायचं. नाहीतर माझ्या लशीचा उपयोग नाही."

"असं म्हणाल्या?"

"असंच."

आईने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "माडौत नको," ती म्हणाली. "ताइनानला जाऊ."

*

नवव्या दिवशी दोघी गेल्या. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, आणि डॉक्टरांनी आईला एकटीला आत घेतलं. युन-च्ये बाहेर बाकावर बसून राहिली. आत जायला हवं होतं, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. जो डॉक्टर यकृताचं सांगेल तो जेवणाचंही सांगणारच.

वीस मिनिटांनी आई बाहेर आली. हातात औषधाची चिठ्ठी होती आणि चौघडी घातलेला एक छापील कागद, तो तिने पर्समध्ये टाकला.

"काय म्हणाले?"

"यकृत थोडं खरबरीत झालंय. पण वेळेत आलात म्हणाले. रोज एक गोळी, सहा महिन्यांनी पुन्हा."

"आणखी काही?"

"आणखी काय असायचंय?"

बसमध्ये आई खिडकीशी बसली. शेतं गेली, मत्स्यतळी गेली, तिने मान वळवली नाही. मोठ्या पुलावर बस आली तेव्हा आईनेच विचारलं,

"ज्या बाईला तू देणार, तिचंही रक्त तपासतात ना?"

"हो, आधी तिचंच."

"मग बरं. म्हणजे तिला असलं तरी सुई तयार असेल." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि तिला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं. काय लागतं, काय नाही लागत ते. सुरुवातीलाच."

"सांगतात."

"आज कितवा दिवस गं?"

"नववा."

आईने मान डोलावली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. तिचा हात मांडीवरच्या पर्सवर होता.

*

चौदाव्या दिवशी आईने मासा आणला. चांगला मोठा, पोटाशी गच्च. तो आलं घालून शिजत होता, तेवढ्यात युन-च्येने पिवळं कार्ड परत बिस्किटाच्या डब्यात ठेवायला घेतलं. डब्यात आधीच काहीतरी होतं. चौघडी घातलेला कागद, दवाखान्याच्या शिक्क्याचा. तिने उघडला. मोठ्या अक्षरांत, खाली हसऱ्या कुटुंबाचं चित्र काढून, छापलं होतं: बी कावीळ एकत्र जेवल्याने, एकच भांडं वापरल्याने पसरत नाही.

कागद घडीवर मऊ पडला होता. पुन्हा पुन्हा उघडून वाचल्याशिवाय घडी अशी होत नाही.

तिने तो होता तसा घडी केला, कार्डाच्या खाली ठेवला आणि डबा पूर्वजांच्या पाटीमागे सरकवला.

"आ-युन, ये," आईने हाक मारली.

आई टेबलाशी बसली होती. समोर लाल ठिपक्याचा वाडगा, त्यात भात. मागच्या दारातलं बुटकं स्टूल भिंतीला लावून ठेवलं होतं आणि त्यावर वाट्यांची चवड रचली होती. युन-च्ये समोर बसली.

"झाले ना चौदा?" आईने विचारलं.

"झाले," युन-च्ये म्हणाली.

आईने स्वतःच्या काड्या घेतल्या. भाताचा एक घास आधी स्वतः खाल्ला. मग त्याच काड्यांनी माशाच्या पोटाचा तुकडा तोडला, काटा बाजूला काढला आणि टेबलावरून हात नेऊन लेकीच्या भातावर ठेवला. तुकडा थोडा कलंडला. तिने काड्यांच्या टोकाने तो नीट केला.

"गार होतोय," ती म्हणाली. "खा."